पुण्याच्या अन्नव्यवस्थेतली माणसं: कशी शोधायची, कशी सोबत घ्यायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संस्थेत नव्याने आलेले कार्यकर्ते, प्रकल्प करणारे विद्यार्थी, महापालिकेतले अधिकारी आणि "आमच्या सोसायटीत शेतकरी बाजार भरवायचाय" म्हणून फोन करणारे रहिवासी थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात: शहराच्या अन्नाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांची यादी कशी करायची आणि त्यांच्याशी कसं बोलायचं? म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे.

अन्नव्यवस्था म्हणजे शेती आणि बाजार, एवढंच ना?

मेथीची एक जुडी घ्या. ती पुरंदर किंवा हवेलीतल्या एखाद्या रानात उगवली. पाणी विहिरीचं असेल, नाहीतर कालव्याचं. कालव्याचं असेल तर आवर्तन (शेतीला पाणी सोडण्याची पाळी) कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं आणि तिथे पुणे शहराचं पिण्याचं पाणी आणि दौंड-इंदापूरची शेती समोरासमोर येतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (उपसा विहिरीतून) प्रक्रिया केलेलं सांडपाणी बेबी कालव्यात सोडलं जातं, म्हणजे शहराचं मैलापाणी कसं आणि किती शुद्ध होतं याचाही संबंध खालच्या अंगाच्या पिकाशी आला. पुढे जुडी टेम्पोतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येते, शेकड्याच्या भावाने विकली जाते, हातगाडीवरून घरात जाते आणि तिच्या काड्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत पडतात. ती बादली बहुतेक ठिकाणी "स्वच्छ" या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची बाई रिकामी करते.

आता मोजा यात कोण कोण आलं. जलसंपदा विभाग आणि कचरावेचक एकाच यादीत येतील असं सुरुवातीला कोणाच्या डोक्यात नसतं. पण येतात.

मग यादी करायला सुरुवात कुठून करू?

सरकारी खात्यांच्या तक्त्यापासून तर नक्कीच नको. ती यादी एका दुपारी तयार होते, दिसायलाही छान दिसते आणि तिच्यात हमालाचं नाव नसतं.

एकच जिन्नस निवडा आणि त्याच्या मागे चालत जा. नारायणगावचा टोमॅटो, चाकणचा कांदा, मावळातला इंद्रायणी तांदूळ, गणेश पेठेतले मासे, काहीही चालेल. माल ज्याच्या ज्याच्या हातात जातो त्याला चार गोष्टी विचारा: माल कोणाकडून आला, भाव कोणी ठरवला, पैसे कधी आणि कोणाकडून मिळतात, आणि माल नासला तर तोटा कोणाचा? चौथ्या प्रश्नावर माणसं खुलून बोलतात. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ठरलेली असतात.

शेतकऱ्याकडे त्याची हिशोबपट्टी मागा. माल विकल्यावर आडत्याकडून, म्हणजे आडत (कमिशन) घेऊन माल विकून देणाऱ्याकडून, मिळणारा तो लहानसा कागद म्हणजे अर्धी यादी असते. वजन, भाव, हमाली, तोलाई, मोटारभाडं, असेल तर उचलीची (आगाऊ घेतलेल्या पैशांची) वजावट. प्रत्येक रकान्यामागे एक माणूस आहे आणि तो किती घेतो हेही तिथेच लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. त्यामुळे पट्टीवर दुसऱ्या कुठल्या नावाखाली कपात दिसते का, हे बघण्यासारखं असतं.

एक जिन्नस झाला की दुसरा अगदी वेगळ्या जातीचा घ्या. दुधात संकलन केंद्र, फॅट आणि एसएनएफ (दुधातले स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) तपासणारा, शीतकेंद्र, कात्रजसारखा सहकारी संघ, खासगी डेअऱ्या आणि पहाटे पिशव्या टाकणारी मुलं. रेशनच्या तांदळात भारतीय अन्न महामंडळ, शासकीय गोदाम, वाहतूक ठेकेदार, रास्त भाव दुकानदार आणि ज्याच्या अंगठ्याचा ठसा ई-पॉस मशीन घेत नाही तो म्हातारा. दोन्ही याद्यांत एकही सामाईक नाव सापडणार नाही. "पुण्याची अन्नव्यवस्था" असं एकवचनी म्हणणं सोयीचं असतं, तेवढंच.

मार्केट यार्डात कोणाला भेटायचं?

बहुतेक जण बाजार समितीच्या कार्यालयात अकरा वाजता जातात, सचिवांना भेटतात, आवकेचे आकडे घेतात आणि परततात. आकड्यांसाठी तिथवर जायची गरज नव्हती. रोजची आवक आणि बाजारभाव पणन मंडळाच्या संकेतस्थळावर असतात.

आधी रचना समजून घ्या. १९६३ च्या राज्य कायद्याखाली बाजार समितीच्या संचालक मंडळाची नेहमीची रचना १८ जणांची: ११ सहकारी संस्थांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतींतून, २ आडते-व्यापाऱ्यांचे आणि १ हमाल-तोलणारांचा. ग्राहकाला जागा नाही. किरकोळ भाजीविक्रेत्यालाही नाही. पुण्याच्या समितीवर तर जवळपास दोन दशकं निवडून आलेलं मंडळच नव्हतं. निवडणूक झाली २०२३ मध्ये. तेवढा काळ शेतकऱ्याने मत कुठे मांडायचं, याचं उत्तर कागदावर होतं, यार्डात नव्हतं.

मग प्रत्यक्षात भेटायची माणसं. गाळ्याचा परवानाधारक आडत्या. त्याच्या गाळ्यावर उभं राहून प्रत्यक्ष माल विकणारे, ज्यांना यार्डात "डमी" म्हणतात. तोलणार. हमाल. गावाकडून पाच-दहा शेतकऱ्यांचा माल एकत्र भरून आणणारा टेम्पोवाला, ज्याला कोणाच्या रानात काय लावलंय हे अनेकदा कृषी सहायकाच्या आधी ठाऊक असतं. किरकोळ खरेदीला आलेल्या भाजीवाल्या. आणि सकाळी उशिरा, खाली पडलेला माल वेचणाऱ्या बायका. जायची वेळ पहाटेची. फळ-भाजी विभाग शनिवारी बंद असतो आणि रविवारी आवक जास्त. तेव्हा रविवारी पहाटे नुसतं बघायला जा, बोलायला मधल्या वारी.

यार्डाबाहेरही बघा. २०१६ च्याच बदलाने फळं-भाजीपाला यार्डाबाहेर विकायला मोकळा झाला. मांजरीच्या उपबाजारात शेतकरी थेट किरकोळवाल्यांना विकतात, शहरात ठिकठिकाणी शेतकरी आठवडे बाजार भरतात आणि मोठ्या दुकान-साखळ्यांची खरेदी केंद्रं तालुक्यांत पोचली आहेत.

यादीतून हमखास कोण राहून जातं?

हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, पण बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही तो राहतो. वाट्याने किंवा खंडाने जमीन करणारा माणूस शेती करतो, पण कागदावर शेतकरी नसतो. तलाठ्याकडून "शेतकऱ्यांची यादी" आणली की तो गळाला. त्याची बायको तर दोनदा गळाली. खुरपणीला रोजाने जाणाऱ्या बाया, द्राक्ष-टोमॅटोच्या हंगामात बाहेरून आलेली मजूर कुटुंबं, ऊसतोड कामगार, यांचंही तेच.

शहरात खानावळवाल्या मावशी राहतात. सदाशिव पेठेपासून कर्वेनगरपर्यंत स्पर्धा परीक्षांची आणि कॉलेजची हजारो मुलं मेसवर जेवतात आणि त्या मेस बऱ्याचदा दोन खोल्यांच्या घरात चालतात. पुण्यातल्या तरुणांच्या पोषणावर एवढा परिणाम करणारं दुसरं कोणी आहे का, मला शंका आहे. पण त्यांची संघटना नाही, म्हणून बैठकीला बोलवायला पत्ताही नाही.

हमालांचं उलट आहे. डॉ. बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, १९६९ मध्ये हमालांसारख्या अंगमेहनतीच्या कामगारांसाठी माथाडी कायदा आला, १९७४ मध्ये कष्टाची भाकर केंद्रं सुरू झाली. म्हणजे अन्न वाहून नेणाऱ्यांनीच कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या जेवणाची सोय केली. पुण्यात "अन्न धोरण" हे शब्द कोणी वापरू लागण्याच्या कितीतरी आधी! कचरावेचकांचीही १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे. जिथे संघटना आहे तिथे रीतसर पत्र देऊन जा, परस्पर चार हमाल गोळा करून चर्चा उरकू नका.

आणि गणेश मंडळं. हसू नका. महाप्रसाद, भंडारे, आषाढीच्या आधी पालख्यांच्या मुक्कामात वारकऱ्यांच्या पंगती. हजारोंचं जेवण काही तासांत करायचं, वाटायचं आणि उरलं तर कुठे न्यायचं, हे ज्ञान मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे आहे. २०२० च्या टाळेबंदीत मार्केट यार्ड बंद पडला, तेव्हा वस्त्यांमध्ये शिधा पोचवायला अशीच माणसं धावली.

एक महिला प्रतिनिधी बोलावली की महिलांचं मत आलं ना?

नाही. बचत गटाच्या अध्यक्षा, पहाटे माल उचलणारी भाजीवाली आणि अंगणवाडी सेविका यांच्या अडचणी एकमेकींशी जुळत नाहीत. तिघींना वेगवेगळं भेटा.

कोणाचा शब्द चालतो, हे कसं ओळखायचं?

प्रशिक्षणांत चार चौकटींचा तक्ता शिकवतात: एका बाजूला ताकद, दुसऱ्या बाजूला आस्था. नाव लिहा, चौकटीत टाका. तक्ता वाईट नाही, पण तो कार्यालयात बसून भरला तर तुमचे पूर्वग्रहच नीटनेटके मांडून मिळतात. एव्हा शिफर यांनी घानामध्ये विकसित केलेली "नेट-मॅप" ही पद्धत मला जास्त आवडते. मोठा कागद पसरायचा, लोकांनीच नावं लिहायची, कोण कोणाला पैसे देतो, माहिती देतो, हुकूम देतो अशा बाणांनी ती जोडायची आणि ज्याचा प्रभाव जास्त त्याच्या नावाखाली सोंगट्यांचा मनोरा उंच करायचा. मनोऱ्यांवरून लोक भांडायला लागतात. तेच ऐकायचं असतं.

सोपा प्रश्न असा: "हे काम थांबवायचं मनात आणलं तर कोण थांबवू शकतं?" तुमच्या प्रकल्पात हमालांना फारसा रस नसेल, पण त्यांनी एक दिवस काम बंद ठेवलं तर यार्ड ठप्प. उलट कृषी विद्यावेत्त्यांना भरपूर रस असतो, थांबवता मात्र काही येत नाही.

काही ताकद पुण्यात दिसतच नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि खेड-जुन्नरच्या शेतकऱ्याचं वर्षाचं गणित दिल्लीतल्या एका अधिसूचनेने बदललं. अशांना तुम्ही बैठकीला बोलवू शकत नाही. पण नकाशावर त्यांची जागा मोकळी ठेवून चालत नाही, नाहीतर सगळा दोष जवळच्या माणसावर, म्हणजे आडत्यावर, जातो.

आडत्यांना बोलवायचंच कशाला? तेच तर दुखण्याचं मूळ आहेत.

असं म्हणणारे कार्यकर्ते दर वर्षी नवे येतात. आडत्या शेतकऱ्याला पेरणीआधी उचल देतो, लग्न-आजारपणाला देतो आणि किरकोळवाल्याला उधारीवर माल देतो. त्या बदल्यात शेतकऱ्याला बांधूनही ठेवतो, हेही खरं. पण त्याला वगळून साखळी उभी करायची तर ती उचल आणि ती उधारी कोण देणार, याचं उत्तर तुमच्याकडे हवं. बऱ्याच शेतकरी उत्पादक कंपन्या नेमक्या याच जागी अडखळतात: खेळतं भांडवल नाही, शेतकऱ्याला पैसे उशिरा मिळतात आणि तो पुन्हा ओळखीच्या गाळ्यावर जातो.

बोलवा, फक्त पहिल्याच बैठकीत शेतकऱ्यांच्या शेजारी बसवू नका. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्याच्यासमोर कोणी तोंड उघडत नाही. आधी वेगवेगळं ऐका. भुसार व्यापाऱ्यांसाठी पूना मर्चंट्स चेंबरसारखी जुनी संघटना आहे, तिथला दरवाजा वेगळा.

बैठक कधी आणि कुठे ठेवावी?

सेनापती बापट रस्त्यावरच्या हॉटेलात, सकाळी साडेदहाला, इंग्रजी स्लाइड लावून ठेवलीत तर तेच नेहमीचे लोक येतील आणि एकमेकांशी सहमत होतील. वातानुकूलित सभागृहात कोणी भाजीवाली आली तरी ती खुर्चीच्या टोकाला बसते.

भाजीवाली पहाटे खरेदीला, सकाळी आणि संध्याकाळी विक्रीला असते. तिला मोकळीक दुपारी दोन ते चार, तीही गाडीशेजारी. शेतकऱ्याला गावातच भेटा, कापणी-काढणीच्या दिवसांत नको, आणि पालख्यांच्या काळात तर कोणालाच नको. अंगणवाडी सेविकांना दुपारी, पण त्यांच्या पर्यवेक्षिकेशी बोलून. मेसवाल्या मावशी दोन जेवणांच्या मधे. मंडळाचे कार्यकर्ते रात्री नऊनंतर.

रोजावर जगणाऱ्याचा अर्धा दिवस घेत असाल तर त्याचा रोज द्या, येण्याजाण्याचं भाडं द्या. अंदाजपत्रकात ही ओळ सुरुवातीलाच घाला, नंतर निधी देणारे ती मंजूर करत नाहीत. तज्ज्ञाला मानधन आणि हमालाला चहा-बिस्कीट, ही पद्धत मला पटत नाही.

महापालिकेत नेमकं कोणाकडे जायचं?

"अन्न" नावाचा विभाग महापालिकेत नाही. मंडई एकीकडे, फेरीवाले अतिक्रमण विभागाकडे, ओला कचरा घनकचरा विभागाकडे, शाळेतला पोषण आहार शिक्षण विभागाकडे. अन्नाची तपासणी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, रेशन अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याकडे, अंगणवाड्या महिला व बालविकासकडे. शिवाय पिंपरी-चिंचवड वेगळी महापालिका, दोन्ही बाजूंना कटक मंडळं, बाहेर पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). एकाच रस्त्यावर हद्द बदलली की अधिकारी बदलतो.

पुण्याला एक फायदा मात्र आहे. कृषी आयुक्तालय, साखर आयुक्तालय, पणन संचालनालय, पशुसंवर्धन आयुक्तालय, पणन मंडळ, सगळी राज्य पातळीची कार्यालयं इथेच आहेत. मुंबईला न जाता राज्याच्या अधिकाऱ्यासमोर बसता येतं.

नवी समिती मागण्याआधी कायद्याने असलेल्या समित्या चालतात का ते बघा. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक-तृतीयांश महिला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात रेशनसाठी दक्षता समित्या आहेत. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात आणि पोषण आहार कसा येतो हे विचारायचा त्यांना अधिकार आहे. समितीची शेवटची बैठक कधी झाली, एवढंच माहिती अधिकारात विचारा. बरंच कळतं. २००६ पासून पुण्यात नागरिक सहभागी अंदाजपत्रकही आहे. भाजीविक्रेत्यांसाठी ओटे, पाणी, दिवा अशा लहान मागण्यांसाठी तो अर्ज उपयोगी पडू शकतो.

बाहेरच्या देशात शहराच्या अन्न परिषदा असतात. इथे का नको?

हव्यात, पण ब्राझीलची गोष्ट पूर्ण वाचून. बेलो होरिझोंते शहराने १९९३ मध्ये अन्नासाठी स्वतंत्र विभाग काढला. स्वस्त जेवणाची भोजनालयं, शेतकऱ्यांना शहरात जागा, शाळांचं जेवण, सगळं एका छताखाली. देशपातळीवर अन्नसुरक्षा परिषद होती, तिच्यात दोन-तृतीयांश जागा नागरी समाजाला. जानेवारी २०१९ मध्ये नव्या सरकारने आल्या आल्या ती गुंडाळली, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. एवढी मुरलेली परिषदही एका सहीने थांबली, तर आपल्याकडे आयुक्तांच्या परिपत्रकावर उभी असलेली परिषद त्यांच्या बदलीपर्यंतच टिकेल. शिवाय महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर काही वर्षं नगरसेवकच नव्हते. त्या काळात वस्तीतला माणूस आपलं गाऱ्हाणं घेऊन कोणाच्या दारात जात होता, हे विचारल्याशिवाय परिषदेचा आराखडा काढू नका.

कंपन्यांना घ्यायचं का? त्या पैसेही देतात.

बोलवा, ऐका, पण ज्या विषयात कंपनीचा नफा आहे त्याचं धोरण लिहायच्या टेबलावर बसवू नका. पैसे घेतले असतील तर पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर सांगा. आणि घरपोच डिलिव्हरी करणाऱ्या कंपनीशी बोलत असाल तर तिच्या रायडरशीही बोला.

लोक म्हणतात, "परत सर्व्हे? मागच्यांनी काय केलं?" काय सांगायचं?

खरं सांगायचं. तुमच्या हातात कुठला निर्णय आहे आणि कुठला नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत बोला. ओटे मिळवून देता येणार नसतील तर ओट्यांवर प्रश्नच विचारू नका. आशा लागते आणि पुढच्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते.

काही वस्त्या शहरातल्या कॉलेजांना जवळ पडतात, म्हणून दर वर्षी तिथेच प्रश्नावल्या वाटल्या जातात. आधी तुमच्या विभागातले जुने अहवाल वाचा. फोटो विचारून काढा. अतिक्रमणाची कारवाई चालू असेल त्या ठिकाणी विक्रेत्याचा चेहरा आणि जागा एकत्र दिसतील असा फोटो छापू नका.

दोन गटांत वाद पेटला तर?

पेटणारच. फुटपाथवर चालणाऱ्या आजोबांना आणि फुटपाथवर भाजी विकणाऱ्या बाईला एकच चार फूट हवे असतात. जागेवर जाऊन टेप लावा. वाद "फेरीवाले हवेत की नकोत" असा राहत नाही, गाडी कुठे सरकवायची यावर येतो. तरीही सगळे वाद मिटत नाहीत. मतभेद इतिवृत्तात तसाच लिहा.

किती जणांना भेटलं की पुरे?

प्रत्येकाला शेवटी विचारा, "अजून कोणाशी बोलायला हवं? तुमचं न पटणारा कोण?" दुसऱ्या प्रश्नावरही ओळखीचीच नावं यायला लागली की थांबा.

लोक खरोखर सहभागी झाले, हे कसं तपासायचं?

उपस्थितीच्या सह्यांवरून तर नाहीच. शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांना गुंडाळणं, सर्वांत वर लोकांच्या हाती कारभार, आणि मधल्या पायऱ्यांवर नुसतं कळवणं आणि विचारणं. आपल्याकडच्या बहुतेक "सल्लामसलत बैठका" या मधल्या पायऱ्यांवरच असतात आणि अहवालात वरची पायरी लिहिली जाते.

आम्ही तीन गोष्टी बघतो. बैठकीत कोणी सुचवलेल्या बदलाने मसुद्यातली एखादी ओळ तरी बदलली का? ज्याने सुचवलं त्याला ती बदलल्याचं कळवलं का? आणि न बोलावता कोणी पुढच्या बैठकीला आलं का? इतिवृत्त मराठीत, एका पानात लिहा आणि बैठक संपायच्या आत मोठ्याने वाचून दाखवा. "मी असं म्हणालो नव्हतो" हे तिथल्या तिथे निघतं. दुरुस्ती हातानेच करा, सगळ्यांसमोर, आणि त्या पानाचा फोटो गटावर टाका. टाइप केलेली प्रत नंतर पाठवली तरी चालते.